झाडू आणि एकशे अठरा रेघा

वेलांटीकाकांना हे नाव कोणी ठेवलं याचा तपास अजून लागलेला नाही. संशयितांची संख्या इमारतीतल्या घरांइतकी आहे. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस निवृत्त होतो, पण त्याची नजर काही निवृत्त होत नाही. लिफ्ट बंद पडून सहा मजल्यांची माणसं धापा टाकत जिना चढत होती, तेव्हा हे गृहस्थ लिफ्टच्या दाराशी उभे राहून 'गैरसोयीबद्दल दिलगिर आहोत' या पाटीतल्या 'गि'ला लाल पेनाने दुसरी वेलांटी देत होते. दिलगिरी एकवेळ खोटी असली तरी चालेल, पण शुद्ध हवी, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाला घरातल्या कोणी "बाबा, जरा एवढं बघता का?" असं विचारू नये. सूनबाईने विचारलं.

मंगळवारची सकाळ होती. सूनबाई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. तिने 'झाडू' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. संगणकात एकाच फोटोच्या सात-सात प्रती साठतात, त्यातल्या जास्तीच्या शोधून केराच्या पेटीत टाकायच्या, एवढंच त्याचं काम. त्याला बटणं नाहीत की चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा, की झाडू कामाला लागतो. झाडू फुकट होता, जगात कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा. चार-पाचशे लोक वापरतही होते. घरात मात्र त्याला 'तिचं ते' म्हणत. "तिचं ते चाललंय, आत्ता बोलू नका," असं काकू फोनवर नातेवाइकांना सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला सूनबाई काहीतरी पथ्यपाणी करते आहे असंच वाटे.

पण आता एका मोठ्या संग्रहालयाने 'तिचं ते' वापरून पाहायचं ठरवलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता संग्रहालयाच्या बाई व्हिडिओवर येऊन, मार्गदर्शिका समोर ठेवून, स्वतःच्या हाताने झाडू चालवून बघणार होत्या. पसंत पडला तर संग्रहालयाच्या नऊही शाखांत तो लागणार होता.

"बाबा, तुम्हाला वेळ आहे का?" सूनबाईने विचारलं.

निवृत्त माणसाला हे विचारणं म्हणजे समुद्राला पाणी आहे का विचारण्यासारखं. तरी काकांनी रीत म्हणून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "काढू," ते म्हणाले.

"झाडूच्या मार्गदर्शिकेत मी नवीन पानं घातली, तेव्हा याद्या मोडल्यात. काही ओळी आत गेल्यात, काही बाहेर आल्यात. तेवढ्या फक्त सरळ करायच्या. अर्ध्या तासाचं काम आहे."

"शब्दांना हात लावू?"

"नका लावू, बाबा."

"आणि विरामचिन्हांना?"

तेवढ्यात सूनबाईचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. न मिळालेल्या उत्तराचा अर्थ काकांनी 'हो' असा घेतला. जगातले पुष्कळसे अनर्थ अशाच वाजलेल्या फोनांतून झालेले असावेत.

काकांनी सर्वांत आधी मार्गदर्शिका छापून काढली. एकसष्ट पानं. पडद्यावर वाचलेली चूक खरी चूक नसते, असं त्यांचं मत होतं. पहिल्याच पानावर त्यांची भुवई वर गेली. कित्येक शब्दांच्या दोन्ही अंगांना बारीक तिरके ठिपके पडले होते. प्रिंटर घाण झाला असणार. काकांनी प्रिंटर उघडून जुन्या बनियनने पुसला आणि एकसष्ट पानं पुन्हा छापली. ठिपके होते तिथेच होते. मग त्यांनी लॅपटॉपचा पडदा पुसला, चष्मा पुसला, आणि शेवटी लाल पेन घेऊन एकेक ठिपका मारायला बसले. दुपारपर्यंत पाचशे बळी पडले.

"अहो बाबा!" सूनबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "ते डाग नाहीत. ती खूण आहे. त्या दोन खुणांच्या मध्ये हुकूम लिहितात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की एवढंच जसंच्या तसं टाइप करायचं."

"अवतरणचिन्ह असताना ही वेगळी खूण कशाला?"

"तशी पद्धतच आहे."

पद्धत म्हटल्यावर काका गप्प झाले. पद्धतीपुढे त्यांचं आजवर काही चाललं नव्हतं, कारण आजवर पद्धत नेहमी त्यांच्याच बाजूची असे. शिवाय कळलं ते असं की कागदावरच्या दुरुस्त्यांना इथे काडीची किंमत नाही. सगळं फाइलमध्ये जाऊन करायचं. सूनबाईने जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला, ती खूण कुठल्या बटणावर आहे ते दाखवलं (ते डाव्या कोपऱ्यात वर असतं आणि मनुष्यजातीने त्याला आजवर फक्त धूळ पुसताना हात लावला आहे), आणि ती आपल्या कामाला लागली.

याद्या सरळ करणं खरोखरच सोपं होतं. काकांनी तासाभरात त्या रांगेत उभ्या केल्या. इथे थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रत्येक परिच्छेद कडेला चिकटून सुरू होत होता. परिच्छेदाची पहिली ओळ चार अक्षरं आत घ्यायची, हे छापखान्यातल्या झाडूवाल्यालासुद्धा माहीत असतं. काकांनी प्रत्येक परिच्छेदाआधी चार वेळा मोकळी जागा दिली. आणि काय आश्चर्य, पान पाहिलं तर परिच्छेदामागून परिच्छेद करड्या चौकटीत जाऊन बसलेले!

त्याच वेळी खालच्या मजल्यावरचे बँकवाले आले. त्यांना बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांनी सल्ल्याचं खातं उघडलं होतं, त्यात शिल्लक कधी संपत नसे.

"चौकटी झकास आल्यात," बँकवाले म्हणाले. "आमच्याकडे महत्त्वाचा मजकूर चौकटीतच असायचा."

"पण सगळंच चौकटीत गेलंय."

"म्हणजे सगळंच महत्त्वाचं आहे. आमच्याकडेही तसंच असायचं."

संध्याकाळी सूनबाईने समजावलं की चार मोकळ्या जागा दिल्या की यंत्र त्याला हुकूम समजून चौकटीत टाकतं. काकांनी सगळ्या मोकळ्या जागा एकेक करून काढल्या. सगळ्या म्हणजे, त्यांना दिसल्या तेवढ्या. आणि मोकळ्या जागेची अडचण अशी की ती दिसत नाही, म्हणून तर ती मोकळी.

बुधवारी त्यांनी दुरुस्ती दाखल केली. झाडूच्या दारात एक स्वयंचलित तपासनीस बसवलेला होता, नाव हवालदार. आलेली प्रत्येक दुरुस्ती तो तपासून हिरवी नाहीतर लाल खूण करी. दोन मिनिटांत उत्तर आलं. लाल. 'ओळ ४२: शेवटी अनावश्यक मोकळी जागा. नामंजूर.'

काकांनी ओळ ४२ पाहिली. मग भिंग आणून पाहिली. ओळ संपल्यावर काही नव्हतं, आणि त्या काही नसण्याबद्दलच तक्रार होती. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. आपली चूक लेखी निघण्याचा हा पहिला प्रसंग, आणि तीही डोळ्यांना न दिसणारी! त्यांचा चहा निवला. त्यांनी ती जागा काढली आणि दुरुस्ती पुन्हा पाठवली. 'ओळ ५७.' पुन्हा. 'ओळ ५८.' सातव्या खेपेला काकांचा तोल सुटला आणि त्यांनी हवालदाराला पत्रच लिहिलं: 'महोदय, गेली चौतीस वर्षं मी या क्षेत्रात असून आपल्या टीकेचा सूर मला अनुचित वाटतो.'

हवालदाराने तत्काळ उत्तर दिलं: 'हा आदेश समजला नाही. मदतीसाठी "मदत" असं लिहा.'

"अहो, हवालदाराशी कशाला वाद घालता?" काकू आतून म्हणाल्या.

"तो माणूस नाही, यंत्र आहे."

"मग तर अजिबातच घालू नका. त्याला दमायला होत नाही, तुम्हाला होतं."

बँकवाल्यांचं मत वेगळं पडलं. "वर अर्ज करा," ते म्हणाले. "कोणाच्याही वर कोणीतरी असतंच, हा नियम आहे. आणि अर्जाच्या शेवटी 'योग्य त्या कारवाईसाठी' एवढं लिहायला विसरू नका. कारवाई होत नाही, पण समोरचा दचकतो."

वर होते निवडुंग. झाडूची देखभाल सूनबाईबरोबर करणाऱ्या एका जुन्या स्वयंसेवकाचं हे टोपणनाव. त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. ते एक-दोन शब्दांत उत्तर देत, आणि दोन शब्द म्हणजे प्रसन्न मूड समजायचा. काकांनी चौदा ओळींचा अर्ज लिहिला, योग्य त्या कारवाईसाठी. उत्तर आलं: 'बघू.'

'बघू' हा शब्द काका रात्री जेवतानाही चघळत होते. गुरुवारी सकाळी नवव्या खेपेला मोकळ्या जागा संपल्या, हवालदाराने हिरवी खूण केली, आणि मागोमाग निवडुंगांचं उत्तर आलं: 'याद्या ठीक.'

दोन शब्द! काकांनी ते काकूंना वाचून दाखवले, बँकवाल्यांना फोन करून कळवले. काम झालं होतं. आता नुसतं सूनबाईने ते मूळ मार्गदर्शिकेत सामील करून घ्यायचं बाकी. ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. तिची वाट बघता बघता काका आपली मार्गदर्शिका पुन्हा एकदा, आता केवळ सुखासाठी, वाचू लागले. आणि त्यांना त्या दिसल्या.

दोन छोट्या आडव्या रेघा, एकीला एक लागून. 'झाडू --तालीम' असा एक हुकूम होता. म्हणजे नुसती तालीम. काय काय झाडलं जाईल ते झाडू फक्त दाखवणार, हात कशालाही लावणार नाही. पुढे 'झाडू --परत', म्हणजे झाडलेलं पुन्हा जागेवर. जिथे तिथे दोन-दोन रेघा. काकांना एकदम भरून आलं. पूर्वी टाइपरायटरवरून आलेल्या मजकुरात अशाच रेघा असत. टाइपरायटरला लांब रेघ नसे, म्हणून लोक दोन छोट्या मारत, आणि मुद्रितशोधक त्या पुसून एक लांब, डौलदार रेघ करी. बिचाऱ्या पोरीला कीबोर्डवर लांब रेघ सापडली नसणार. एवढ्या मोठ्या संग्रहालयासमोर दोन तुकड्यांची रेघ!

एकेक बदलायची तर संध्याकाळ गेली असती. पण आता काका नवशिके राहिले नव्हते. त्यांना 'शोधा आणि बदला' येत होतं. एक बटण दाबलं. एकशे अठरा ठिकाणी बदल झाला. ज्या हवालदाराने अदृश्य जागांसाठी त्यांचा दोन दिवस छळ केला, त्याने या एकशे अठरा लांब रेघांकडे पाहिलं आणि निमूटपणे हिरवी खूण केली. निवडुंगांची एकदा दिलेली मंजुरीही तशीच कायम राहिली.

सूनबाई सुजलेला गाल धरून घरी आली. तिने हिरवी खूण पाहिली, 'याद्या ठीक' पाहिलं. "झालं ना बाबा? याद्याच ना फक्त?" ती अर्ध्या तोंडाने म्हणाली.

"याद्याच. आणि किरकोळ काही रेघा."

"थँक्यू, बाबा," ती म्हणाली, आणि तिने बटण दाबून सगळं सामील करून घेतलं. दात दुखत असताना माणसाने सही करू नये, पण हा नियम कुठल्या मार्गदर्शिकेत लिहिलेला नाही.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना काका इस्त्रीचा शर्ट घालून सूनबाईच्या शेजारी, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, खुर्ची टाकून बसले. बाई पडद्यावर आल्या. पिकलेले केस, गळ्यात दोरीचा चष्मा, मागे कपाटांच्या रांगा. जुन्या फोटोंच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्या आजवर कशालाही लगेच भाळल्या असतील असं वाटत नव्हतं.

"मार्गदर्शिका नेटकी आहे हो," बाई म्हणाल्या. "विशेषतः याद्या."

काकांनी खुर्चीतच किंचित उंची वाढवली.

"आधी तालीम करते," बाई म्हणाल्या. त्यांनी मार्गदर्शिकेतला हुकूम उचलला, जसाच्या तसा काळ्या पडद्यावर चिकटवला आणि त्यापुढे फोटोंच्या एका फोल्डरचं नाव जोडलं. "तालीम म्हणजे नुसतं दाखवणार, हात लावणार नाही. बरोबर?"

"अगदी बरोबर," सूनबाई म्हणाली.

थोडा वेळ बाई वाचत राहिल्या. "मग हे काय आलंय? 'आपण दिलेलं —तालीम सापडलं नाही. ते वगळून पुढे जात आहे. चार हजार तीनशे बारा फाइली केराच्या पेटीत टाकल्या.'"

"घाबरू नका," सूनबाई म्हणाली, आणि त्या आवाजाने घाबरत नव्हता तोही घाबरला असता. "पेटीत आहेत, गेलेल्या नाहीत. 'परत'चा हुकूम द्या, पान अकरा."

बाईंनी पान अकरावरचा हुकूम उचलून चिकटवला. तिथल्या उदाहरणात फोल्डरचं नाव दिलेलं नव्हतं. आणि नाव दिलं नाही तर झाडू सगळं घर झाडतो. "'आपण दिलेलं —परत सापडलं नाही,'" बाई आता एकेक शब्द सावकाश वाचत होत्या. "'ते वगळून पुढे जात आहे. आणखी चौदा हजार सातशे चौतीस फाइली केराच्या पेटीत टाकल्या.' यात आमचे नकाशेही आले."

सूनबाई पडद्यावर नाक टेकवून ती ओळ बघत होती. काका खुर्चीतून बघत होते. त्यांना लांबूनच कळलं. डौलदार, एकसंध, छापखान्याला शोभेल अशी रेघ! आपण कुठे आलो आहोत हे तिला माहीत नव्हतं, आणि झाडूलाही ती कोण हे माहीत नव्हतं. गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे, असाही एक विचार येऊन गेला, हे नमूद करायला हवं. पण सूनबाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तिचा सुजका गाल थरथरत होता. काका उठले आणि सरळ कॅमेऱ्यासमोर आले.

"बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होतं, त्यामुळे ते जरा अडखळत बाहेर पडलं. "मी हिचा सासरा. रेघा मी बदलल्या. हिला माहीत नव्हतं."

"कसल्या रेघा?"

"ते नंतर सांगतो. आता काही उचलून चिकटवू नका. मी सांगतो तसं हाताने टाइप करा." आणि छापखान्यात मजकूर ताडून बघताना ज्या आवाजात काका अक्षर अन् अक्षर वाचत, तो आवाज त्यांना लागला. "झाडू. मोकळी जागा, एक. आडवी रेघ, लहान. पुन्हा आडवी रेघ, लहान. दोघींच्या मध्ये जागा नाही. दुसरीला लागून परत. र नंतर त. पूर्णविराम नाही."

"पूर्णविराम नाही?"

"नाही. द्यावासा वाटेल. देऊ नका."

बाईंनी शेवटचं बटण दाबून बोट उचललं. घरात काकूंनी गॅस बंद केल्याचाही आवाज ऐकू आला. मग बाईंनी चष्मा चढवला आणि वाचलं, "'एकोणीस हजार शेहेचाळीस फाइली जागेवर ठेवल्या.'" त्यांनी स्वतः कागदावर बेरीज करून पाहिली, दोन-चार फोटो उघडून पाहिले, आणि म्हणाल्या, "सोमवारी बोलू." पडदा काळा झाला.

सूनबाईने घडला प्रकार निवडुंगांना लिहून कळवला. काका म्हणाले, "अगं, मी तुझं सगळं काम झाडून टाकलं."

सूनबाई उत्तर देणार तोच निवडुंगांचा निरोप आला. निरोप इतका लांब होता की तो निवडुंगांचाच का, अशी शंका यावी: 'रेघ चुकली हे खरं. मीही पुन्हा पाहायला हवं होतं. पण सांगितलेलं कळलं नाही तर ते वगळून झाडायला लागणारा झाडू कोणी लिहिला?'

सूनबाईने तो दोनदा वाचला. तिचा गाल आता दुसऱ्याच कारणाने लाल झाला. "मी," ती म्हणाली. "बाबा, कळलं नाही तर झाडूने थांबायला हवं होतं. हे कधी ना कधी होणारच होतं. कोणाच्याही हातून."

"झालं ते माझ्याच हातून," काका म्हणाले. मोठेपणा घ्यायचा की दोष, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. सूनबाई झाडूला थांबायला शिकवत होती, आणि काका एकशे अठरा रेघा एकेक करून, हाताने, परत तोडत होते. शोधा आणि बदलाचं बटण समोर होतं, पण त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मध्ये बँकवाले येऊन, रेघाच काढून टाकाव्यात असा सल्ला देऊन गेले. शनिवारी दुपारी काम संपलं. हवालदाराने हिरवी खूण केली. काकांना तिचं काही वाटलं नाही.

सोमवारी बाईंचा फोन आला. सूनबाई गॅलरीत जाऊन बोलली आणि आत आली ती हसू दाबतच आली. "घेतायत," ती म्हणाली. "नऊही शाखांत. झाडू आता न कळलेल्या शब्दाला थांबतो, हे त्यांनी तीनदा करून बघितलं म्हणे." काकू हातातलं काम टाकून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझा झाडू चालला!" 'तिचं ते' हा शब्द त्या दिवसापासून घरात कोणी काढला नाही.

"आणि बाबा, त्यांची एक अट आहे. त्यांच्याकडे बारा माणसं आहेत, काळ्या पडद्याला घाबरणारी. त्यांच्यासाठी एक वेगळी मार्गदर्शिका हवी आहे. ती तुम्ही लिहावी, असं त्या म्हणाल्या."

"मी?" काकांनी चष्मा काढला. "नेमकं काय म्हणाल्या?"

"हेच. तुम्ही चांगलं सांगता, वगैरे."

"'वगैरे' नको. शब्दशः सांग."

सूनबाईने सासूकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि सांगून टाकलं. "म्हणाल्या, 'ज्याला एवढ्या चुका करता येतात, त्यालाच माणूस कुठे अडखळतो ते माहीत असतं.'"

काकांनी चष्मा पुन्हा चढवला. वाक्य त्यांनी मनात उलटसुलट वाचून पाहिलं. व्याकरणात कुठे खोट नव्हती. "हे कौतुक आहे की अपमान?" त्यांनी काकूंना विचारलं.

"ते नंतर ठरवा," काकू म्हणाल्या. "आधी हो म्हणा."

काकांनी हो म्हटलं. जेवण झाल्यावर ते जुना लॅपटॉप उघडून बसले. पहिलं वाक्य काही केल्या सुचेना. तीन-चार लिहिली, खोडली. मग एकदाचं सुचलं, आणि ते त्यांनी दोन बोटांनी सावकाश टाइप केलं:

'घाबरू नका. यात करता येण्यासारख्या सगळ्या चुका तुमच्याआधी एका माणसाने करून पाहिलेल्या आहेत.'